जाम झालेली सीट: ओढू नका, आधी दाबा

निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. वडिलांची दीडशे सीसीची गाडी आहे, सीटचं कुलूप डाव्या बाजूला. चावी लागते, फिरतेही, पण 'खट्' असा आवाज येत नाही आणि सीट जागची हलत नाही. बॅटरी उतरली आहे आणि ती सीटखालीच आहे. गावातल्या मेकॅनिकचं म्हणणं, मागचं काउल, म्हणजे सीटच्या मागचं-बाजूचं प्लास्टिकचं आवरण, कापल्याशिवाय सीट निघणार नाही. वडील ही गाडी द्राक्षाच्या प्लॉटवर नेतात, औषधाचे कॅन सीटवर बांधून. शिवाय मागच्या खेपेला सीट काढून बसवली तेव्हापासून तिचं पुढचं टोक हलत होतं, ते कशामुळे, असाही प्रश्न आहे.

ताई, काउल कापू देऊ नका. तुमच्या वर्णनावरून हुकाच्या आधी केबलकडे बोट जातं, आणि केबलपर्यंत काहीही न कापता पोचता येतं. माझं गॅरेज सातपूरला आहे. त्र्यंबक, दिंडोरी, पिंपळगाव या बाजूच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात आणि पावसाळा सरल्यावर जाम सीटची तक्रार घेऊन येणारे वाढतात. फोडाफोडी करावी लागली अशा गाड्या त्यांत फारच थोड्या, आणि त्याही बहुतेक आधी कुणीतरी जोर लावून बिघडवलेल्या.

सीट गाडीला कशी धरलेली असते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. पुढच्या बाजूला, टाकीच्या लगेच मागे, फ्रेमवर एक आडवी पट्टी असते. सीटच्या तळाला पुढे चपटी जीभ असते, ती या पट्टीखाली सरकते. मागच्या बाजूला सीटच्या तळातून यू आकाराची जाड सळई खाली आलेली असते. तिला आम्ही कडी म्हणतो. सीट वरून दाबली की कडी कुलपात शिरते आणि स्प्रिंगच्या जोराने हुक तिच्यावर येऊन बसतो. तोच तो 'खट्' आवाज. चावी फिरवली की केबल हुकाची छोटी दांडी ओढते, हुक बाजूला सरतो, कडी मोकळी होते. काही गाड्यांत केबल नसते, चावीचं कुलूप थेट हुकालाच लागून असतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. सीटच्या तळाला रबरी गुटके असतात. सीट बंद असताना ते दबलेले असतात आणि सीटला सतत वर ढकलत असतात. म्हणजे कडी हुकाला कायम वरच्या दिशेने ओढून धरते. हुक आणि कडी स्वच्छ असतील तर एवढ्या ताणाने काही बिघडत नाही. पण दोन्हींवर गंज चढला असेल, मधे माती असेल, तर त्या ताणातच हुक आवळला जातो. आणि माणूस काय करतो? एका हाताने चावी फिरवतो आणि दुसऱ्या हाताने सीट जोरात वर खेचतो. म्हणजे जो ताण कमी करायला हवा तोच वाढवतो. केबल बिचारी बारीक तारांची, ती तुटते. नाहीतर चावी कुलपात मोडते.

म्हणून पहिला उपाय उलटा. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. भावाला सांगा, सीटच्या अगदी मागच्या टोकावर, कुलपाच्या बरोबर वर, दोन्ही तळहात ठेवून खाली दाब द्यायचा, अंगाचं वजन टाकून. तो दाबत असताना तुम्ही चावी फिरवा आणि फिरवलेलीच धरून ठेवा. मग त्याने दाब हळूहळू सोडायचा. एवढ्याने नाही जमलं तर चावी तशीच धरून त्याच जागी तळहाताने चार थापा मारायच्या. हातोडी नको, गुडघाही नको. केबल तुटलेली नसून नुसती सैल झाली असेल तर सीट बहुधा इथेच उघडते, कारण ताण गेल्यावर हुकाला थोडीशी ओढही पुरते.

नाही उघडली, तर चावी बोटांना काय सांगते तिकडे लक्ष द्या. मी गाडी हातात घेतली की पहिली काही मिनिटं हेच करतो. चावी आतच जात नसेल किंवा जाऊन अजिबात फिरत नसेल तर दोष कुलपाच्या नळीत, म्हणजे चावी जिच्यात शिरते त्या भागात आहे: माती, गंज, नाहीतर झिजलेली चावी. अशा वेळी घरातली दुसरी, कमी वापरलेली चावी लावून बघावी. पुष्कळदा तिने काम होतं. चावी अर्धी फिरून दगडावर आपटल्यासारखी थांबत असेल तर नळी आणि केबल ठीक आहेत, पलीकडे हुक जाम आहे. चावी फिरते, स्प्रिंगची ओढ जाणवते, 'खट्'ही ऐकू येतं, तरी सीट निघत नसेल तर कुलूप उघडलेलं आहे आणि सीट दुसरीकडे धरली गेली आहे. बहुतेक वेळा पुढची जीभ आवळलेली असते, नाहीतर रबरी गुटके उन्हाने फ्रेमला चिकटलेले असतात. तिथे सीटचा मागचा भाग थोडा उचलून, डावीउजवीकडे हलवत मागे ओढायचा. आणि चावी हलकी, सैल फिरते, सोडल्यावर आपोआप मागे येत नाही, आवाज नाही, जोर नाही, असं असेल तर चावीची ओढ हुकापर्यंत पोचतच नाही. केबल तुटली आहे किंवा टोकाला सुटली आहे. तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकाराचं आहे.

तेव्हा आता डावं साइड पॅनल काढा. पॅनलला बहुधा एखादा स्क्रू असतो आणि बाकीचे खुंट रबरी बुशांत खोचलेले असतात. स्क्रू काढल्यावर प्रत्येक खुंटाजवळ बोटं घालून पॅनल सरळ बाहेर ओढायचं, पिळायचं नाही. पिळलं की खुंट मुळातून तुटतो आणि पॅनल जन्मभर खडखडतं. आत टॉर्च मारून कुलपाच्या नळीची मागची बाजू बघा. तिथून काळ्या आवरणाची बारीक केबल मागे गेलेली दिसेल. वरच्या काळ्या नळीला आउटर म्हणतात, आतल्या तारेला इनर.

बघायचं आहे आउटरचं टोक. ते एका खाचेत बसलेलं असावं लागतं, कारण आउटर जागेवर घट्ट असेल तरच आतली तार ओढली जाते. आउटर खाचेतून निसटलं असेल तर चावी फिरवल्यावर इनरबरोबर आउटरही सरकतं आणि हुकाला काहीच कळत नाही. केबल तुटली म्हणून माझ्याकडे आणलेल्या कितीतरी गाड्यांत एवढंच झालेलं असतं. टोक खाचेत बसवा, बोटाने दाबून धरा, भावाला सीट दाबायला सांगा आणि चावी फिरवा.

इनर चावीकडच्या टोकाला तुटली असेल तरी हरकत नाही. तारेचं उरलेलं टोक नोज प्लायरने पकडा, आउटर दुसऱ्या हाताने जागेवर धरा आणि तार सरळ रेषेत ओढा. टोक फारच आखूड राहिलं असेल तर आउटरचं काळं आवरण ब्लेडने थोडं मागे सोलून आतली गुंडाळीची तार पक्कडीने कापा, म्हणजे इनरला धरायला जागा होते. ती केबल तशीही बदलायचीच आहे.

तार ओढली आणि ती पुरी बाहेर हातात आली, तर ती हुकाकडच्या टोकाला तुटली आहे. मग मागच्या मडगार्डखालून जायचं. चावी काढून खिशात ठेवा, गाडी मेन स्टँडवर, आणि एकाने गाडी धरून उभं राहायचं. मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधून वर बघितलं की टेल लाइटच्या वायरी जातात तिथे फट किंवा भोक दिसतं. हात जात नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा आणि तो बघून जागा ठरवा. हुकाची दांडी ओळखायची खूण अशी: तिच्या टोकाला बारीक भोक किंवा खाच असते, आणि तुटलेल्या तारेचा शिशाचा मणी त्यात अजून लटकत असतो. केबल ज्या दिशेने येते त्याच दिशेला दांडी सरकवायची असते. तुमचं कुलूप डावीकडे आहे, म्हणजे दांडीही बहुधा डावीकडे ओढायची.

यासाठी सायकलचा जुना आरा घ्या. त्याहून चांगलं हत्यार मला तरी मिळालेलं नाही. आरा बारीक असतो, पण पुरेसा ताठ असतो. वाकवला की तसाच राहतो. कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतो. पक्कडीने टोकाला नखाएवढा आकडा करायचा, फटीतून वर घालायचा, दांडीत अडकवायचा आणि ओढायचा. इथेही वरून सीट दाबलेली हवीच. दाबल्याशिवाय ओढलं तर आरा सरळ होतो आणि हुक तिथेच राहतो. काही गाड्यांत कुलपाची पूर्ण पट्टीच फ्रेमला खालून दोन बोल्टने आवळलेली असते आणि ते बोल्ट मडगार्डखालून दिसतात. तुमच्या गाडीत तसं असेल तर काम आणखी सोपं: दोन्ही बोल्ट काढा, कुलूप कडीला धरून सीटबरोबरच वर येईल.

मधल्या वेळात हुकावर गंज सोडवणारा स्प्रे मारा. स्प्रेला लाल बारीक नळी येते, ती सीट आणि काउलच्या फटीतून कुलपाच्या दिशेने घालून थोडाच मारायचा आणि निदान पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. गंजात शिरायला त्याला वेळ लागतो. लोक मारतात आणि लगेच खेचतात, मग म्हणतात स्प्रे कुचकामी आहे. मडगार्डखालून मारत असाल तर टायरवर आणि ब्रेकवर फडकं टाका. डिस्कवर तेल गेलं तर ब्रेक लागणार नाही. चावीच्या भोकात खोबरेल किंवा इंजिन ऑइल ओतू नका. आज कुलूप फिरेल, पण त्या तेलावर आपल्याकडची धूळ बसून महिन्या-दोन महिन्यांत चिखल होईल. कुलपाच्या नळीला कोरडं ग्रॅफाइट चांगलं.

आणि जे अजिबात करायचं नाही ते. सीट आणि काउलच्या मधे मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. अलीकडच्या गाड्यांत सीटचा तळही प्लास्टिकचा असतो, आणि तुटते ती कडी कधीच नाही. तळ फाटतो, नाहीतर काउलचे कान तुटतात. गंज मोकळा करायला ब्लो-लॅम्प, गॅस किंवा ग्राइंडर आणायचा नाही. हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी आहे, सीटमध्ये फोम आहे, खाली वायरिंग आणि बॅटरी आहे. वरून ड्रिल मारून कुलूप फोडतो म्हणणाऱ्यालाही थांबवा. सीट बंद असताना बॅटरीची वायर काढता येत नाही, म्हणजे ड्रिलचं टोक चालू वायरिंगमध्ये घुसू शकतं.

तुमच्या गाडीत केबल तुटली असली तरी मूळ आजार हुकाचा आहे असं मला वाटतं, आणि तो द्राक्षाच्या बागेतून आलेला आहे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या गाड्यांची ही ठरलेली तक्रार आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. केवडा या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. बोर्डो तयार झाल्यावर वडील त्यात विळ्याचं किंवा चाकूचं पातं बुडवून बघत असतील. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. या चाचणीत नेमकं काय होतं? चुन्याने न मारलेलं मोरचुदाचं पाणी लोखंडाला लागलं की त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून पाण्यात जातं. म्हणजे लोखंड खाल्लं जातं. हाच प्रकार तुमच्या सीटखाली चालतो. कॅनच्या झाकणातून मोरचुदाचं पाणी ठिबकतं, सीटच्या मागच्या कडेवरून ओघळतं आणि बरोबर कुलपाच्या तोंडाशी येतं, कारण सीटचा उतार आणि फट दोन्ही तिथेच असतात. हुकावर जस्ताचा मुलामा असतो. मोरचुदापुढे तो लोखंडाहूनही आधी जातो. मग उघडं लोखंड, त्यावर फोममध्ये मुरलेलं पाणी दिवसेंदिवस झिरपत राहतं.

अशा गाडीची सीट उघडली की मला हुक बघूनच गाडी कुठली ते कळतं. रस्त्यावरच्या पाण्याने गंजलेला हुक नुसता तपकिरी असतो. बागेतल्या गाडीच्या हुकावर गंजाच्या पापुद्र्यांत हिरवट-निळी भुकटी भरलेली असते, स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये ती खडूसारखी घट्ट बसलेली असते, आणि जिथे कडी घासते तिथे तांबूस चकाकी दिसते. स्प्रिंग अशी धरली गेली की हुक मागे सरकत नाही. तो सरकत नाही म्हणून चावीवर जोर पडतो, आणि सगळ्यांत कमजोर असते ती केबल, ती तुटते. म्हणून नुसती केबल बदलून गाडी परत दिली तर काही महिन्यांत तीही तुटणार.

तेव्हा सीट उघडल्यावर पहिलं काम बॅटरी नव्हे, कुलूप. वाटीभर रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश आणि आरा घेऊन बसा. हुक बोटाने मागेपुढे करत भुकटी पूर्ण निघेपर्यंत घासा. मग फडक्याने कोरडं करा. हुकाचा खिळा, म्हणजे ज्यावर तो फिरतो ती जागा, स्प्रिंग आणि कडीचा घासणारा भाग यांवर ग्रीसचा पातळ हात द्या. थापायचं नाही. जाड ग्रीस माती धरून ठेवतं. हुकाचं टोक झिजून धारदार झालं असेल किंवा स्प्रिंग चिमटीत दाबल्यावर परत फुलत नसेल तर कुलूप बदला, त्यात काटकसर नको. अर्धवट लागलेली सीट चालत्या गाडीवर सुटली तर मागे बसलेला माणूस सीटसकट रस्त्यावर येतो.

नवीन केबल बसवण्याआधी ती उभी धरून वरच्या टोकाला इनरवर पातळ तेलाचे थेंब सोडत राहा, खालच्या टोकातून तेल झिरपेपर्यंत. जुनी ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने न्या. कुठेही काटकोनात वाकता कामा नये आणि सीटच्या तळाखाली चिरडता कामा नये. नायलॉनचा टाय मारताना केबल आवळू नका, फक्त जागेवर राहील इतपत ठेवा.

आता बॅटरी. तुमच्या गाडीला किक असेल तर ती इतके दिवस तुम्ही किकवर चालवत असाल. ज्यांच्या नव्या गाड्यांना किक नाही आणि पेट्रोल इंजेक्शनने जातं, त्यांची पंचाईत मोठी असते. बॅटरी पूर्ण उतरली की पंपच चालत नाही, ढकलूनही गाडी सुरू होईल याचा भरवसा नाही. बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना फ्रेमला लागला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधीच काढलेली असेल तर लागला तरी काही होत नाही. मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना बघा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा.

मग सीट बसवणं. तुमचा दुसरा प्रश्न इथला आहे, आणि माझ्या मते काढण्यापेक्षा बसवण्याकडेच जास्त लक्ष द्यायला हवं, कारण पुढच्या वेळी जाम होण्याचं बीज इथे पडतं. सीट लावण्याआधी, ती बाजूला ठेवलेली असतानाच, कुलूप तपासायचं. स्क्रू ड्रायव्हरची दांडी कडीच्या जागी घालून खाली दाबा, हुक 'खट्' करून लागेल. चावीने उघडा. परत लावा, परत उघडा. पाच-सहा वेळा एकदाही न अडखळता उघडला तरच सीट हातात घ्या. एकदा जरी अडखळला तरी थांबा आणि कारण शोधा. ही तपासणी न करता सीट दाबून बंद केली आणि आत केबल सुटलेली असली तर तुम्ही पुन्हा आराच शोधत बसणार.

पुढचं टोक हलतं ते जीभ पट्टीखाली न जाता पट्टीवर बसल्यामुळे. मागून कुलूप लागतं म्हणून सीट बसली असं वाटतं, पण पुढून ती नुसती टेकलेली असते. ब्रेक मारला की पुढे सरकते, खड्ड्यात उडते, आणि प्रत्येक हिसका कडीवर येतो. कडी अशानेच वाकते. बरोबर पद्धत अशी: सीट मागून थोडी उचललेली धरा, पुढचं टोक टाकीच्या कडेशी टेकवा आणि संपूर्ण सीट पुढे ढकला. जीभ आत गेली की ढकलणं एकदम थांबतं. आता मागचा भाग खाली न दाबताच सीटच्या नाकाखाली बोटं घालून वर ओढून बघा. वर येत नसेल तर जीभ आत आहे. वर आलं तर सीट पूर्ण मागे घेऊन पुन्हा. त्यानंतरच मागे, कडीच्या बरोबर वर, दोन्ही तळहातांनी सरळ खाली दाब द्या. आवाज आला की मागून वर ओढून बघा, पुढून बघा, आणि एकदा चावीने उघडून परत लावा.

दाबताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागत असेल तर जोर वाढवू नका. सीट परत काढा आणि खाली काय अडतंय ते बघा. पावसाळ्यात बहुतेक वेळा घडी करून कोंबलेला रेनकोट सापडतो. नाहीतर टूल किट सरकलेलं असतं किंवा वायरिंगचा झुबका गुटक्याखाली आलेला असतो. सीट नव्याने मढवून घेतली असेल तर रेक्झिनच्या दुहेरी कडा आणि वाढवलेला फोम गुटक्यांच्या जागी येतात, त्यानेही हुकावर कायमचा ताण बसतो. मढवणाऱ्याला आधीच सांगावं की गुटक्यांची आणि कडीची जागा मोकळी सोड. काही सीटच्या कडीला लांबट भोकं असतात. नट सैल करून कडी थोडी मागेपुढे करता येते. सगळं साफ असूनही कडी कुलपाच्या तोंडात मधोमध उतरत नसेल तर तिथे जुळवून घ्या. गाडी पडून मागची फ्रेमच वाकली असेल, तर मात्र ते घरी करण्याचं काम नाही.

ज्यांच्या गाडीला सीटचं कुलूपच नाही, दोन बोल्टवर सीट आहे, त्यांच्यासाठी थोडं. जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांत आणि जुन्या बुलेटमध्ये असं असतं. बोल्ट गंजला असेल तर उघड्या तोंडाचा पाना लावू नका, डोकं गोल होतं. रिंग पाना किंवा टी पाना पूर्ण बसवून आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, गंजाची पकड तुटल्याचा बारीक 'कट' आवाज येतो, मग सोडवा. डोकं आधीच गोल झालं असेल तर ग्रिप प्लायर. बोल्ट नुसताच गोल फिरत असेल तर आतला नट सुटलेला आहे. बोल्टच्या डोक्याखाली पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून बोल्ट बाहेरच्या बाजूला ओढून धरायचा आणि त्या ताणात फिरवायचा, म्हणजे नट फ्रेमला दाबला जाऊन थांबतो. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि दोन्ही बोल्ट हाताने अर्धे चढल्याशिवाय एकही आवळू नका.

शेवटी बागेतल्या गाडीची निगा. कॅन बांधण्याआधी सीटवर जाड प्लास्टिक टाका, पण ते मागच्या कडेच्या खाली लोंबेल एवढं मोठं, म्हणजे ठिबकलेलं पाणी कुलपाच्या बाहेरून जाईल. मोरचूद सांडलं तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा आणि सीट उघडून वाळू द्या. वॉशिंग सेंटरवर गाडी दिली तर प्रेशरचा फवारा सीटच्या मागच्या फटीत मारू नको म्हणून सांगा. त्याने चिखल आणि वाळू थेट स्प्रिंगमध्ये जाते. कॅन बांधताना दोरी सीटवरून करकचून आवळण्याऐवजी कॅरियरला बांधा. फवारणीचा हंगाम संपला की एकदा हुक धुऊन ग्रीस द्या.

आणखी एक सोय मी बागायतदारांच्या गाड्यांना आवर्जून करून देतो. सीट उघडी असतानाच हुकाच्या दांडीला क्लच वायरचा वीतभर तुकडा बांधायचा, दुसऱ्या टोकाला छोटा फास करायचा आणि तो मडगार्डच्या आतल्या बाजूला, खालून हात घातल्यावर लागेल पण उभ्याने दिसणार नाही असा टायने अडकवायचा. केबल पुन्हा तुटली तरी फासात बोट घालून ओढलं की सीट उघडते. जागा घरच्यांशिवाय कुणाला सांगू नका, आणि सीटखाली गाडीचे मूळ कागद ठेवू नका.

केबल आणायला जाताना जुनी केबल सोबत न्या. पिंपळगावला मिळाली नाही तर नाशिकला मिळेल. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना लांबी आणि टोकाचा मणी वेगळा असू शकतो, म्हणून दुकानातच दोन्ही शेजारी धरून आउटरची लांबी, बाहेर उरणाऱ्या इनरची लांबी आणि मण्याचा आकार जुळवून घ्या. इनर बोटभर जरी जास्त उरत असेल तरी ती केबल घेऊ नका. तेवढ्या ढिलाईत चावी पूर्ण फिरेल आणि हुक जागचा हलणार नाही.